सांगा, शिक्का कुठला मारायचा?

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी ऐका. काल आमच्याकडे महाभारत झालं. हे म्हणाले, "व्हिडिओ गेम आणि कला? उद्या पत्त्यांचीही मैफल भरवा!" भाचा कसला ऐकतोय! म्हणाला, अमेरिकेतला नावाजलेला सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट, त्यानंही 2010 मध्ये हेच ठणकावून लिहिलं होतं. लोक असे तुटून पडले, की दोन-तीन महिन्यांत बाबानं कबूल केलं, न खेळताच बोलायला नको होतं. मत नाही हं बदललं, पण एवढं तरी म्हणाला. आमच्या ह्यांच्या तोंडून निघेल असं? नाव सोडा.

मी म्हटलं, दाखव तरी काय असतं ते. त्यानं 'पेपर्स, प्लीज' लावला. चित्रं कसली, मळकट, ओबडधोबड तोंडं नुसती. आपण सीमेवरचे कारकून. आलेल्याचे कागद तपासायचे, हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. माणशी पाच मिळतात, त्यात घरच्यांचं जेवण, ऊब, औषध सगळं भागवायचं. एक जण आला, कागद चोख. जाताना म्हणाला, मागून बायको येतेय, जरा सांभाळून घ्या. ती आली, तर तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही! वहिनी, माझा हात तसाच राहिला. नाटकात अशी कुणी उभी राहिली, की आपण डोळ्यांना पदर लावतो नि मध्यंतरात बटाटेवडा खातो. इथे तिला हाकलणारी मीच की हो! शेवटी सोडलं तिला. लगेच यंत्रातून ताकिदीची चिठ्ठी बाहेर!

सगळे असे नसतात, बरेचसे नुसता धुडगूस. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानं 2012 मध्ये 14 गेम घेतले, पॅक-मॅन, टेट्रिस वगैरे. पण ठेवले कुठे? डिझाइन विभागात. म्हणजे सून घरात घेतली, पण देवघराबाहेरच!

आणि पुण्यात तयार झालेला 'राजी' माहितीये? 2020 चा. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली पोर. पहाडी लघुचित्रांसारखे रंग, नि अधूनमधून गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. ह्यांना म्हटलं, हेच भिंतीवर टांगलं असतं तर मान डोलावली असतीत. तर म्हणतात, "पण त्यात बटणं दाबावी लागतात!" घ्या! रविवारी पेटी घेऊन बसतात, तेव्हा काय दाबतात म्हणे?