जातीचा दाखला

ज्या वाशीम जिल्ह्यातील कारंज्यास श्रीनृसिंहसरस्वतींच्या, म्हणजे प्रत्यक्ष दत्तावताराच्या, जन्माचा मान लाभला, त्याच जिल्ह्यातल्या मालेगावी दत्ताच्या तसबिरीतील चार श्वानांना चार वेद मानून हात जोडणारे सद्गृहस्थ पायरीशी आलेल्या पाचव्यावर मात्र दगड उगारतात; त्याने बहुधा रीतसर अर्ज केलेला नसतो. असे एखादे भेदरलेले, मिश्र कुळीचे पिलू कोणी घरी आणलेच, तर मोहल्ल्यात पहिली चौकशी होते ती जातीची. ‘गावठीच ना?’ पिलू बाजेखाली शेपूट पोटाशी घेऊन बसलेले असते आणि भाकरीचा तुकडा माणूस उठून गेल्यावरच तोंडी लावते. बाहेर ओट्यावर, वऱ्हाडच्या उन्हात जीभ लोंबवीत धापा टाकणाऱ्या लॅब्राडोरचे धनी कुलशीलावर निरूपण करीत असतात. निर्बीजीकरण व रेबीजची लस झालेल्या भटक्या कुत्र्यास त्याच्याच हद्दीत परत सोडावे, असे केंद्र सरकारचे २०२३ चे नियम फर्मावतात. त्या हद्दीतील रहिवाशांना टोचावयाच्या लशीची तजवीज त्यांत नाही. धर्मराजाने स्वर्गाच्या दारीही ज्याची साथ सोडली नाही, त्या कुत्र्याची जात नोंदविण्याचे व्यासांच्या ध्यानात राहिले नाही, ही महाभारतातील उणीव आमच्या मोहल्ल्याने केव्हाच हेरली आहे.