बरणी कोणती घ्यायची?

"वेबसाइट करायचीय, कशात करू?" हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतही येतो. "वेबसाइटवर लिहिणार काय?" हे मात्र कुणी विचारत नाही. बहुधा अपशकुन मानतात.

आमच्या ओळखीच्या एक काकू लोणची विकतात. कैरीचं, लिंबाचं आणि फारच आग्रह झाला तर भोकराचं. त्यांच्या वेबसाइटसाठी घरात बैठक बसली. भाचा म्हणाला, वर्डप्रेस. जावई म्हणाले, विक्स. ओढायचं, सोडायचं, झालं. पुतण्या आयटीतला, त्याने जेकिल सुचवलं आणि पुरावा म्हणून लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडून दाखवली. काकूंनी एकच प्रश्न विचारला.

चहा कोण कोण घेणार?

वर्डप्रेसवाल्यांचं ब्रह्मास्त्र ठरलेलं: फुकट आहे! आहेच. 2003 मध्ये मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी बी-टू नावाच्या, काम थांबलेल्या सॉफ्टवेअरवरून ते उभं केलं. परवाना मुक्त, कुणीही घ्यावं, बदलावं. आज जगातल्या पाचांपैकी दोन वेबसाइट त्यावर चालतात. पुढे होस्टिंग आलं, डोमेन आलं, थीम आली, बॅकअपचं प्लगिन आलं, मग त्या प्लगिनचं 'प्रो' आलं. कोंबडी फुकट मिळाली म्हणून मसाला बारा आण्यांचा व्हायचा थोडाच थांबतो?

त्यात वर्डप्रेस एक नाही, दोन. डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं आणि आपल्या जागेत मांडायचं. डॉट कॉम ही ऑटोमॅटिक कंपनीची चाळ, खोली भाड्याने. नाव तेच, पाटी सारखी. भाच्याने शिकवण्या बघितल्या ऑर्गच्या, खातं उघडलं कॉमवर. मग दोन रविवार तो 'प्लगिन टाका'चं बटण शोधत होता आणि शेवटी ऑर्गच्याच दारात आला.

आणि विक्स? सोपं आहे, दिसतंही छान. फक्त तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. हे ते लपवत नाहीत. आपणच विचारत नाही. भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार तीनदा वाचणारा माणूस इथे 'आय अ‍ॅग्री'वर डोळे मिटून टिचकी मारतो.

घरमालक बदलतात हो. 2004 च्या मे महिन्यात मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरने नवी आवृत्ती आणली आणि सोबत नवे दर. हौशी लेखकांनी गाशा गुंडाळला, थेट वर्डप्रेसच्या दारात. लोकांची वेबपानं ठेवणारं जिओसिटीज याहूने 2009 मध्ये मिटवलं. पॉस्टरस हे ब्लॉगचं ठिकाण ट्विटरने 2012 मध्ये विकत घेतलं आणि 2013 च्या एप्रिलअखेर त्याला टाळं लावलं. टाइपपॅड, तेही ब्लॉगचंच, गेलं 30 सप्टेंबर 2025 ला. तेव्हा दिवाणखान्याचा रंग नंतर बघा, आधी मागचं दार उघडतं का ते पाहा. त्या दारावर 'एक्स्पोर्ट' लिहिलेलं असतं.

बैठकीत हा शब्द एकदाही निघाला नाही. रंगावर मात्र पाऊण तास चर्चा झाली.

आता मराठीचं बघा. काकूंचं माहितीपत्रक वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे होतं, जुन्या फाँटमध्ये. ते उचलून वेबसाइटवर चिकटवलं, तर मोहरीच्या जागी अवतरण चिन्हं आणि मेथीच्या जागी डॉलर. युनिकोड हा शब्द घरात त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला, तोही शिवीसारखा.

पुन्हा सगळं टाइप केलं. मग पत्त्याची पट्टी. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, वेबपत्त्यात टक्क्यांच्या खुणांनी भरलेली नऊ अक्षरं होतं. 'कैरीचं लोणचं' एवढ्या दोन शब्दांची, मधल्या आडव्या रेघेसह, बरोबर 100. वर्डप्रेस त्या जागी 200 च्या पुढे जाऊ देत नाही. दोन लोणच्यांतच फळी भरली! ती लिंक काकूंनी भिशीच्या ग्रुपवर टाकली. पलीकडून उत्तर आलं: "अगं, तुझा फोन हॅक झालाय."

यावर उपाय आहे. पत्ता रोमन लिपीत हाताने लिहायचा, पाच सेकंदांचं काम. पण हे सांगणारा तज्ज्ञ तेव्हा जेकिल किती वेगवान आहे ते समजावत होता.

डोमेन कुणाच्या नावावर? भाच्याच्या. ईमेल? त्याचाच, कॉलेजातला. पासवर्ड? "माझ्या लक्षात आहे." भाचा गेल्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला गेला. जाताना दोन बरण्या घेऊन गेला.

परवा काकूंचा फोन. साइट सुरू होऊन तीन महिने झाले. ऑर्डरी अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात, कॅलेंडरच्या मागे लिहिलेल्या यादीचा फोटो बनून. पण आवाजात आनंद मावत नव्हता. "अरे, वेबसाइटवर पहिला अभिप्राय आलाय! इंग्रजीत!"

उघडून पाहिलं. दरपत्रकाचं पान कोरं. 'हॅलो वर्ल्ड' नावाचा लेख जिथल्या तिथे. त्याखाली, वर्डप्रेस बसवलं की आपोआप येणारा तो नमुन्याचा अभिप्राय, लिहिणाऱ्याचं नाव 'अ वर्डप्रेस कॉमेंटर'.

सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनीच विचारलं, "त्याला कैरीचं पाठवू की लिंबाचं?"