रेट काय चाललाय?

पुण्यात जागांचे भाव विचारायला जागा घ्यायची असावी लागत नाही. विकायची असावी लागते असंही नाही. लग्नाच्या पंगतीत, दाताच्या दवाखान्यात, फार काय वैकुंठ स्मशानभूमीत मागच्या रांगेत उभं असतानाही दबक्या आवाजातलं ते वाक्य कानावर येतं : "तुमच्याकडे सध्या रेट काय चाललाय?" समोरचा क्षणाचाही विचार न करता चौरस फुटाचा आकडा सांगतो. विचारणाराही मान डोलावतो आणि आपल्या भागातला, त्याहून पाचशेने जास्त, आकडा सांगतो. दोघांनाही त्या आकड्यांचं काहीही करायचं नसतं. ज्याचं एकच घर आहे आणि ज्याला शेवटपर्यंत त्यातच राहायचं आहे, त्याच्या घराचा भाव वाढला काय नि घटला काय, आयुष्यात काही फरक पडत नाही. चेहऱ्यावर मात्र पडतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगजवळच्या बाकावर संध्याकाळी एक मंडळ भरतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, पाटबंधारे खात्यातले एक साहेब, एक संस्कृतचे प्राध्यापक आणि वयाने लहान म्हणून निमूट ऐकणारा मी. तेजीच्या काळात या बाकावर रोज कोणाचा ना कोणाचा फ्लॅट विकला जायचा, अर्थात तोंडी. बँकवाल्या काकांची तर एक ठरलेली गोष्ट होती. २०१४ साली म्हणे एक पार्टी घरी येऊन, सोफ्यावर बसून, एक कोटी दहा लाख द्यायला तयार होती. "मी म्हटलं, चहा घ्या आणि निघा." ती पार्टी कोण, पुढे तिने कुठे घेतलं, हे कोणीच विचारत नसे. पुण्यात बहुतेक प्रत्येक सोसायटीत अशी एक पार्टी येऊन गेलेली असते आणि ती चहा घेऊन निघालेली असते.

मग मंदी आली. बाकावरचे विषय हळूहळू बदलले. गुडघे आले, नातवंडांचे व्हिसा आले, महापालिकेचं पाणी आलं. रेट तेवढा कोणी काढेना. मंदीचा पहिला निर्देशांक मला असा घरबसल्या मिळाला : भाव उतरायला लागले की लोक भाव सांगायचं बंद करतात. कांद्याचा भाव पडला तर दुसऱ्या दिवशी लासलगावात गोंधळ होतो आणि साऱ्या महाराष्ट्राला कळतं. फ्लॅटचा भाव पडला तर मालकाच्या बायकोलासुद्धा सांगितलं जात नाही.

ही मंदी काही एका सकाळी उठून आली नव्हती. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या आणि 'थोडं वरचं रोख' हा घरखरेदीतला जुना सदस्य अचानक आजारी पडला. १ मे २०१७ पासून रेरा कायदा आला आणि प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय बुकिंग घेता येईना. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, बांधकाम चालू असलेल्या घरावर १२ टक्के; एप्रिल २०१९ मध्ये तो ५ टक्क्यांवर आणि परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्क्यावर आणावा लागला. मध्येच सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही कंपनी हप्ते चुकवू लागली, तशा बिल्डरांना पैसे पुरवणाऱ्या वित्तसंस्थांनी मुठी आवळल्या आणि शहराच्या कडेच्या क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. त्यावर कडी म्हणून २०२० साल. एवढं सगळं होऊनही "रेट पडले" असं म्हणणारा माणूस मला भेटला नाही. "मार्केट जरा स्लो आहे", "हे करेक्शन आहे", "आता खरा एंड यूजरच उरलाय" इथपर्यंत लोक यायचे. पुढे भाषा संपायची.

अशा काळात भावाचा पाठलाग करायचा तर कसा? मी आणि बायकोने रविवारी साइट पाहत हिंडायचं ठरवलं. हा छंद स्वस्त आहे. पेट्रोल आपलं, बाकी सगळं बिल्डरचं. वाकड, रावेत, उंड्री, वाघोली, खराडी अशी आमची सहल असे. तेजीत साइट ऑफिसमधली मुलं मान वर करायची नाहीत, माहितीपत्रक मागितलं तर "वेबसाइटवर आहे" म्हणायची. मंदीत तीच मुलं गेटपर्यंत यायची. आधी पाणी, मग कॉफी, आणि एका ठिकाणी तर ढोकळा. बायकोचं म्हणणं, ज्या साइटवर खायला मिळतं तिथली विक्री पूर्ण थंडावलेली असते. या निर्देशांकात मला आजवर खोट सापडलेली नाही.

पण रेट? रेट जागच्या जागी! छापील दरपत्रकात एक रुपया कमी नाही. कमी का नाही, हे थोडं बसल्यावर कळतं. आधीच्या शंभर जणांनी ज्या भावाने घेतलंय त्याच्या खाली उघड विकलं, तर ते शंभर जण दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसतील. शिवाय कर्ज देणाऱ्या संस्थेने त्याच भावावर तारण मोजलेलं असतं. म्हणून भाव खाली येत नाही, तो कपडे बदलतो. मॉड्युलर किचन होतो, दोन एसी होतो, सोन्याचं नाणं होतो. "स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून" होतो. कधी वीस-ऐंशीची योजना होतो : वीस टक्के आत्ता द्या, बाकीचे पझेशनला, मधलं व्याज बिल्डर भरेल. (बिल्डरने ते भरायचं थांबवलं की बँक कोणाचं दार वाजवते, हे माहितीपत्रकात नसे. जुलै २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं.) आणि काहीच जमलं नाही तर फ्लॅटच आखडतो. तोच टू बीएचके, पण बेडरूममध्ये पलंग आणि माणूस यांतलं एकच काहीतरी राहील असा.

या सवलतींत मला सगळ्यात आवडायची ती 'पार्किंग फ्री'. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं होतं की मोकळ्या जागेतलं किंवा इमारतीच्या खांबांमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही. म्हणजे जे विकायचा अधिकारच नाही, ते मोठ्या मनाने फुकट. तशीच 'जीएसटी शून्य' ही पाटी. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतल्या फ्लॅटवर जीएसटी मुळात लागतच नाही. तरी ती पाटी वाचून आमच्या शेजारी उभं असलेलं एक जोडपं एकमेकांकडे पाहून हसलं, आणि मला ते हसू मोडवलं नाही.

खरा आकडा काढायचा असेल तर एकच वाक्य लागतं : "बसून बोलू." हे वाक्य समोरून आलं तर समजावं की दरपत्रक आता शोभेपुरतं आहे. आणि ते कधी येतं हे पंचांगावरून कळतं. चांगल्या दिवसांत पितृपंधरवड्यात साइट ऑफिसला जवळपास सुट्टीच असते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांवर सगळी भिस्त. २०१९ च्या भाद्रपदात मात्र ऐन पितृपंधरवड्यात एका मुलाचा फोन आला. "सर, टोकन आत्ता द्या. पावती आपण घटस्थापनेची करू." पितरांचीही अडचण नको आणि महिन्याचं टार्गेटही सुटायला नको. असा उपाय शास्त्रात नसेल, पण मंदीत निघतो.

साइट ऑफिसच्या बाहेर तर याहून जास्त माहिती पडलेली असते. पझेशन देऊन वर्ष झालेल्या इमारतीकडे रात्री आठ वाजता पाहावं आणि दिवे मोजावेत. 'सोल्ड आउट'चा फलक खाली आणि वर बारा मजल्यांत सात खिडक्या उजळलेल्या, म्हणजे घेतली ती राहणाऱ्यांनी नाही, भाव वाढेल म्हणून थांबणाऱ्यांनी. याहूनही पक्की खबर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. कोणत्या विंगेतून कपडे येतात, कोणत्या मजल्यावर भाडेकरू आलेत, कोण दोन महिन्यांत सोडून गेलं, हे त्याला तोंडपाठ. आणि बांधकाम चालू आहे की नुसतं दिसतंय, हे पाहायला क्रेनकडे बघू नये. क्रेन उभीच राहते, तिला उतरवायलाही पैसे लागतात. साइटच्या गेटबाहेरची अंडाभुर्जीची गाडी बघावी. ती हलली की मजूर गेले. मजूर गेले की पझेशनची तारीख गेली.

पाटबंधारेवाल्या साहेबांना हे पटत नसे. "असली गावगप्प नको, आकडे आणा," असं ते म्हणत. म्हणून आकडे आणले. रिझर्व्ह बँकेचा घरांच्या किमतींचा निर्देशांक दर तिमाहीला निघतो आणि तो प्रत्यक्ष नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून काढतात, म्हणजे विश्वासार्ह. तेव्हा त्यात दहा शहरं होती. लखनौ होतं, कानपूर होतं, कोची होतं. पुणे नव्हतं. हे ऐकल्यावर बाकावर जी शांतता पसरली ती भाव पडल्याच्या दिवसांतही पसरली नव्हती. प्राध्यापक एवढंच म्हणाले, "कानपूर?"

खासगी सल्लागार कंपन्यांचे तिमाही अहवाल असतात, त्यात पुणे असतं आणि भरपूर असतं. पण एकाच तिमाहीत एक अहवाल विक्री वाढल्याचं सांगतो, दुसरा घटल्याचं. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. त्यातला एक आकडा मात्र मला विशेष प्रिय झाला : पडून असलेले फ्लॅट सध्याच्या वेगाने विकायला किती महिने लागतील. हा आकडा सुधारला की वर्तमानपत्राच्या शनिवारच्या पुरवणीत मंदी संपते. पण बिल्डरांनी नवीन प्रकल्प काढायचं थांबवलं, तर गिऱ्हाईक होतं तेवढंच असूनही तो सुधारतो. एवढं बघितलं तर शनिवारची पुरवणी रविवारी रद्दीत टाकता येते.

सरकारचं तर वेगळंच. सरकारकडे रेडी रेकनर आहे, म्हणजे कोणत्या भागात जागेची किंमत निदान किती धरायची याचं वार्षिक कोष्टक. तुम्ही त्याहून कमी भावात घर घेतलं तरी मुद्रांक शुल्क कोष्टकातल्या जास्तीच्या किमतीवरच भरायचं. समजा सत्तर लाखांना सौदा झाला आणि कोष्टक अठ्ठ्याहत्तर म्हणतंय; शुल्क अठ्ठ्याहत्तरवर. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर आयकर खातंही येतं आणि हे वरचे आठ लाख विकणाऱ्याला मिळाले असं धरतं. घेणाऱ्याचंही तेवढं उत्पन्न धरतं. म्हणजे एकाच न झालेल्या व्यवहाराचा दोघांना फायदा. ही मर्यादा ५ टक्के होती, २०२० च्या अर्थसंकल्पात १० झाली. त्याच २०२० मध्ये, सप्टेंबर महिन्यात, शहरं अर्धी बंद असताना, राज्याने रेडी रेकनर सरासरी १.७४ टक्क्यांनी वाढवला. पुण्यात ३.९१ टक्क्यांनी. बातमी वाचून बँकवाले काका खाली आले, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मास्कच्या आतून सुद्धा हसू दिसत होतं. "बघा. सरकारच म्हणतंय."

गंमत अशी की त्याच महिन्याच्या १ तारखेपासून त्याच सरकारने मुद्रांक शुल्क शहरांत ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं होतं, डिसेंबरअखेरपर्यंत. पुढे मार्चपर्यंत ३. भाव वाढलाय हेही खरं आणि लोक घेत नाहीत म्हणून सूट हेही खरं. पण तो उपाय लागू पडला. डिसेंबरात दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर अशा रांगा लागल्या की साथीत सुरक्षित अंतर ठेवायचं ते फक्त कोष्टकातल्या किमतीत आणि प्रत्यक्ष मोबदल्यात उरलं.

काकांना मी हसत नाही. बोस्टन शहरातल्या फ्लॅटमालकांचा डेव्हिड जेनेसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, १९९० च्या दशकातल्या व्यवहारांचा. ज्यांना घेतल्या किमतीपेक्षा कमी मिळणार होतं, त्यांनी इतरांपेक्षा चढा भाव लावला आणि ते जास्त काळ गिऱ्हाइकाविना बसून राहिले. तिकडच्या माणसाला निदान स्वतः मोजलेली किंमत सोडवत नव्हती. आमच्याकडे न घेतलेली एक कोटी दहा लाखांची ऑफर सोडवत नाही. त्या पार्टीला चहा देऊन घालवल्यापासून काकांचा फ्लॅट एक कोटी दहाच्या खाली जाऊच शकत नाही, आणि तो विकायला काढलेला नसल्यामुळे कोणी तसं सिद्धही करू शकत नाही. मंदीत भाव टिकवून धरण्याचा याहून भक्कम मार्ग कुठल्याही बिल्डरला सापडलेला नाही.

तुम्हाला मात्र खरोखरच घ्यायचं असेल, तर बाकावर बसू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च म्हणून सोय आहे, पैसे पडत नाहीत. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की त्या इमारतीतल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, समोर येतात. त्यात दुसरा रकाना 'मोबदला' आणि तिसरा 'बाजारभाव'. बाजारभाव म्हणजे सरकारचं म्हणणं. ते सोडून द्या. मोबदला वाचा, त्याच कागदावरच्या क्षेत्रफळाने भागा, आणि मगच साइट ऑफिसात जा. ढोकळा आला तर आणखी थोडं खाली मागा.