प्रत एक, वाचक गावभर

स्वतःच्या पैशाने कादंबरी छापणाऱ्याला सीमाभागात सगळे हितचिंतक एकच सल्ला देतात: जाहिरातीच्या भानगडीत पडू नका, पुस्तक तोंडातोंडी जातं. जातं खरं, विकलं जात नाही एवढंच. बेळगावात खपलेली एक प्रत टिळकवाडीतून शहापूर, तिथून वडगाव, मग येळ्ळूर अशी फिरते, आणि भेटेल तो मनापासून सांगतो, "वाचलो की वो तुमचं पुस्तक! भारी लिवलायसा. दुसरं आलं की तेपण वाचायला द्या."

कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते. पालखीतले ग्रंथ जुनेजाणते. नव्या लेखकाला मागून चालायची मुभा असते. १९४६ च्या बेळगाव संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुस्तक विकत घेण्याचा तेवढा राहून गेला.

आणि निपाणी? तिथे महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत तंबाखू कामगार, ड्रायव्हर, देवदासी यांच्यावर लिहीत राहिले. २०२४ साली गेले. तोंडातोंडी काय पसरलं असेल, तर ती गिरणी! 'पीठ दळत लिहायचे म्हणे' हे साहित्यप्रेमींना पाठ. काय लिहायचे, असं विचारलं की याच मंडळींना एकदम एसटीची वेळ आठवते. दळणाचे पैसे मात्र 'आधी भाकरी खाऊन बघतो, मग देतो' म्हणून कुणी ठेवले नसावेत.