फर्दापूरच्या एका रहिवाशाचे अनावृत पत्र

मुक्काम फर्दापूर, तालुका सोयगाव

परदेशी सहामाहीनिमित्त आमच्या गावी येऊन गेलेल्या समस्त विद्यार्थिवर्गाच्या सेवेशी,

परदेशात सहा महिने काढून परतलेला प्रत्येक तरुण हल्ली आपल्या आगमनाची कथा, वास्को द गामानंतर किनाऱ्यास लागलेले गलबत काय ते आपलेच, अशा थाटात सांगू लागला असल्यामुळे, असे पाहुणे दीडशे वर्षे उतरवून घेणाऱ्या गावानेही आपली कैफियत एकवार दाखल करावी, असे आमच्या मनाने घेतले आहे.

मुंबईहून किंवा कलकत्त्याहून येणे म्हणजे परदेशगमन नव्हे, असा आक्षेप आपण घ्याल. परंतु १८७२ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला उतरवून घेण्यास निघाले, तेव्हा इंग्रजी अमलातील खानदेशात आगगाडी सोडून बैलगाडीने सरहद्द ओलांडली की मोगलाई लागत असे. अंमल निजामाचा, नाणे हाली सिक्क्याचे, सरकारी दफ्तर फारसीत आणि जकातीचे नाव करोडगिरी! एवढी परकी सामग्री तर पुढे विलायतेस जाणाऱ्यांच्याही वाट्यास आली नसेल. ग्रिफिथ्ससाहेबांची ही शाळा १८८५ पर्यंत, थोडी थोडकी नव्हे, तेरा वर्षे चालली. चित्रे अधिक उजळ दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण चढवून, ती पुढे पिवळी पडण्याची तजवीजही या गुरुकुलाने मोठ्या निष्ठेने करून ठेवली.

त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात दोन हिवाळे त्याच नकलांसाठी आलेल्या लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीच्या मंडळींची छावणी आमच्याकडे पडली. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा आले. हैदराबादेहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले, आणि निजामाची प्रजा म्हणून तेवढे दोघेच काय ते स्वदेशात होते. दिवस उगवला की दीड कोसावरील लेण्यांत जावे, वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर अंधारात डोळे ताणून शतकानुशतके टिकलेली एक रेषा जशीच्या तशी कागदावर आणण्यासाठी झगडावे, आणि सायंकाळी पुन्हा आमच्या धुळीत परतावे, असा अभ्यासक्रम. तो वाया गेला, असे आम्ही म्हणणार नाही. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने पुढे ज्यांनी आपल्या शिष्यांसह सजविली ते नंदलालबाबू याच सहामाहीचे विद्यार्थी; आणि सय्यद अहमद तर पुढे त्याच लेण्यांचे रखवालदार अधिकारी झाले.

आता तक्रारीचे कलम. आपण येथून नकला नेल्यात, त्याबद्दल हरकत नाही. पण नेलेली चीज सांभाळण्याची रीत आपणांस कोणी शिकविली? आपल्याही पूर्वी याच भित्तिचित्रांच्या नकला उतरविणाऱ्या मेजर गिल यांची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये भस्मसात झाली. ग्रिफिथ्सच्या शाळेची कितीएक चित्रे १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जळाली. आणि जपानहून आलेल्या अराई काम्पो यांनी उतरविलेल्या प्रती १९२३ च्या भूकंपात टोकियोत नाहीशा झाल्या. अस्सल मात्र, आपले रोगण पचवूनही, येथेच आहे. अडाण्यांच्या मुलुखात ते सुरक्षित राहणार नाही, या काळजीने आपण त्याच्या नकला परदेशी धाडल्यात, हे स्मरणात असावे.

परंतु आमचे खरे दुःख याहून लहान आहे. आपल्या ग्रंथांत लेण्यांचे क्रमांक आहेत, बोधिसत्त्वांच्या बोटांची मुद्रा आहे; मात्र छावणीत दुधाचा रतीब कोणी घातला, पाण्याच्या घागरी कोणी वाहिल्या, थंडी वाजून ताप भरला तेव्हा काढा कोणाच्या घरून आला, त्या घरांपैकी एकाचेही नाव निदान आमच्या वाचनात आलेले नाही. फर्द म्हणजे यादी. ज्या गावाच्या नावातच यादी आहे त्याचा कोणाच्याच यादीत दाखला नसावा, हा भाषेचा विनोद आम्ही निमूटपणे सोसला आहे. आजही मोटारी येथील टी पॉइंटवर थांबतात, प्रवासी एसटीच्या बसने लेण्यांकडे रवाना होतात, आणि उतरलो कोठे असे विचारल्यास ‘अजिंठ्याला’ म्हणतात.

हे सर्व लिहून मी पत्राची घडी घालणार, तोच आमच्या पुतण्याचे आठ पानी पत्र आले. तो सध्या जर्मनीत एका सहामाहीसाठी गेला आहे. विमानतळावर चुकलेली पेटी, हाडे गोठविणारी थंडी, तिखटाविना अडलेला घास, सारे तपशीलवार आले आहे. पहिल्या रात्री स्थानकावर भेटलेल्या कोणा वृद्ध बाईने त्यास घरी नेऊन गरम सूप पाजले, एवढे एक वाक्य सहाव्या पानावर आहे. बाईचे नाव नाही. गावाचे नाव मी चष्मा पुसून दोनदा शोधले. तेथे ‘म्युनिकजवळ’ असे लिहिले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
फर्दापूरचा एक रहिवासी

ता. क. त्या बाईंचे नाव-गाव उलटटपाली कळविण्यास पुतण्यास आजच लिहिले आहे.