तोतया हरीण

शिकारीत दोनच पात्रं असतात, अशी माझी समजूत होती. एक दबा धरून बसणारं आणि दुसरं बेसावध चरणारं. तिसरं एक प्लास्टिकचं पात्रही असतं, हे अमेरिकेत विस्कॉन्सिनला लेकीकडे गेल्यावर कळलं. हे पात्र शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये राहतं. पूर्ण वाढीचं नर हरीण, आतून पोकळ. मुंडकं, शिंगं, पाय सुटे होतात आणि धडाच्या पोकळीत बसतात, म्हणजे रानात न्यायला सोपं. गॅरेजचं दार उघडं असताना आमच्या हिने ते पाहिलं आणि घरात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, यांनी हरीण पाळलंय, पण त्याला डोकं नाहीये."

शेजारी तसे सज्जन. निवृत्त, मृदुभाषी, खारींना दाणे घालणारे. पण ऑक्टोबर सरत आला की त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक येते. याच सुमारास तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माजाचा काळ सुरू होतो. नरांच्या माना फुगतात, खाण्यावरचं लक्ष उडतं, आणि आपल्या हद्दीत दुसरा नर दिसला की डोकं फिरतं. एरवी पान हललं तरी पळणारं जनावर नोव्हेंबरात भांडण शोधत हिंडतं. शेजारी त्याला ते भांडण घरपोच देतात.

त्याचं शास्त्र त्यांनी मला खडूने गॅरेजच्या फरशीवर काढून दाखवलं. शिकारी धनुष्यबाण घेऊन झाडावरच्या मचाणावर. तोतया त्याच्यापासून साधारण साठ फुटांवर, तोंड मचाणाकडे. कारण खरा नर प्रतिस्पर्ध्याला समोरून भिडतो, म्हणजे तो येऊन उभा राहतो तो मचाणाकडे पाठ किंवा कूस करून. तोतया मादी असेल तर मात्र तिचं तोंड उलट दिशेला ठेवायचं. का, ते त्यांनी आमची ही कॉफीचे कप आत घेऊन गेल्यावर सांगितलं.

शिंगांचाही विचार असतो. फार भव्य शिंगं लावली तर तरुण नर लांबूनच नमस्कार करून जातात. म्हणून काही जण एक शिंग काढूनच ठेवतात. तोतया भांडण उकरून काढण्याइतका उर्मट दिसावा, पण हरवता येईल इतका किरकोळही वाटावा. मराठी माणसाला सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची गोष्ट ठाऊक असते. त्याने पुण्याच्या कारभाऱ्यांना किती घोर लावला आणि १७७६ साली त्याचा शेवट कसा झाला, हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्याची शेपूट हलत होती का?"

प्रश्न अगदी रास्त होता. अजिबात न हलणारं हरीण हरणांना संशयास्पद वाटतं. म्हणून शेपटीत बॅटरीवर चालणारी मोटर बसवतात. काटकसरी लोक पांढरा रुमाल अडकवतात. त्यात वासाची भानगड वेगळीच. तोतयाला हातमोजे घालूनच हात लावायचा, बूट रबरी, अंगाला बिनवासाचा साबण, वर माणसाचा वास मारणारा फवारा. कपडे धुवायची पावडरसुद्धा खास, कारण नेहमीच्या पावडरीतली सफेदी आपल्याला नुसती स्वच्छ वाटते, हरणांच्या डोळ्यांना ती निळसर चमकते. शिवाय मादीच्या मूत्राची बाटली. ती दुकानात मिळते, किंमत चांगली घसघशीत. हरणांच्या मेंदूची चाळण करणारा एक असाध्य आजार पसरतोय, म्हणून काही राज्यांनी या बाटल्यांवर बंदी घातली आहे. शेजाऱ्यांना हे पटतं, पण बोलताना त्यांचा गळा दाटून येतो.

एवढं करून हरीण फसतं का? कधी कधी. बऱ्याचदा आधी येते मादी. ती तोतयाकडे टक लावून बघते, पुढचा पाय आपटते आणि नाकाने असा फुत्कार सोडते की अख्खं रान सावध होतं. कधी नर येतोही. मान खाली घालून धडक देतो, आणि पहिल्याच धडकेत वैऱ्याचं मुंडकं उडून चार हात लांब पडतं. आपल्या हातून हे काय झालं, या भीतीने तो वीर असा पळतो की बाण लावायलाही सवड मिळत नाही. उंचावर कुडकुडत बसलेला शिकारी मग खाली उतरून तोतयाचे अवयव गोळा करतो.

दरम्यान इकडे लेकीच्या बागेत खरी हरणं सकाळ-संध्याकाळ येतात आणि ट्यूलिपची रोपं बुडख्यापर्यंत खातात. त्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर! वस्तीत शिकार करता येत नाही, हे बहुधा त्यांनाही कळलेलं असावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही हरणं जेमतेम पाच लाख उरली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. यात शिकाऱ्यांचाही वाटा आहे. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७च्या कायद्यापासून वन्यजीवांसाठी खर्च होतो. त्यामुळे शेजाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर हा विषय संपला. रेहेकुरीला जाऊन काळवीट बघायचं, फोटो काढायचा आणि घरी यायचं.

त्याआधी मात्र आपणही काही कमी नव्हतो. अकबराच्या काळी माणसाळवलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळं बांधून त्याला रानातल्या कळपावर सोडत. रानातला नर भांडायला यायचा आणि त्या जाळ्यात स्वतःची शिंगं अडकवून बसायचा. ऐन-इ-अकबरीत याची नोंद आहे.

पण मला विचाराल तर तोतया हरणाचं मर्म याच्याही आधी रामायणाला कळलं होतं. मारीच हरणांना फसवायला गेला नव्हता, तो शिकाऱ्याला फसवायला गेला होता. आणि लक्ष्मणाने लगेच ओळखलं: असलं हरीण जगात नसतं, हा मारीच आहे, शिकारीला आलेले कितीतरी राजे याने असेच मारलेत. लक्ष्मणाचं कोणी ऐकलं नाही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

अमेरिकेतल्या वन्यजीव खात्यांनी रामायण वाचलंय की नाही, कोण जाणे, पण मारीच त्यांनी तयार ठेवलाय. फोमच्या अंगावर खरं कातडं चढवलेलं हरीण, मान आणि शेपूट रिमोटवर हलणारी. वॉर्डन ते रस्त्याकडेच्या शेतात उभं करतात आणि झुडपात लपतात. रात्री प्रखर दिवा मारून किंवा गाडीच्या खिडकीतूनच गोळी झाडणारे चोरटे शिकारी थांबतात. पहिली गोळी. हरीण मान वळवून बघतं. दुसरी गोळी. हरीण शेपूट हलवतं. आपला नेम चुकतोय असं वाटून माणूस तिसरी झाडतो, तोवर मागून वॉर्डन येऊन उभा असतो. दंड होतो, परवाना जातो, बंदूकही जप्त होऊ शकते.

गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या हरणाला नाकाने हुंगून, पाय आपटून खोटं ठरवणारी मादी आणि हलत्या शेपटीवर तीन गोळ्या वाया घालवणारा माणूस, यांत हुशार कोण, हा निकाल मी मादीच्या बाजूने देतो.

तुमची लेक किंवा मुलगा तिकडे असेल आणि नोव्हेंबरात जाणं झालंच, तर फिरायला निघताना भडक नारंगी टोपी घाला. बंदुकीच्या हंगामात तिथे शिकाऱ्यांना नारंगीच घालावी लागते, आणि विस्कॉन्सिनने २०१६पासून भडक गुलाबीही चालवून घेतली आहे. आणि रस्त्याकडेला एखादं हरीण अगदी शहाण्यासारखं एकाच जागी उभं राहून शेपूट हलवताना दिसलं, तर फोटोसाठीही गाडी थांबवू नका. झुडपात कोणीतरी तुमच्याकडेच बघत असेल.