नागमोडी रेघेचं घर

संगणकावर ‘माझं घर’ म्हणायला एक नागमोडी रेघ पुरते. तिला हा मान मिळाला तो 1976च्या एडीएम-3ए टर्मिनलवर ‘होम’ आणि ती एकाच कळीवर होती म्हणून. लायकीचा प्रश्न तेव्हाही कुणी काढला नाही.

लिनक्सवर ही रेघ टाकली की गडी मुकाट ‘/होम’खालच्या आपल्या खोलीत जातो, मॅकवर ‘/यूजर्स’खाली. विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत मात्र ‘सीडी’पुढे तीच रेघ टंका, उत्तर येतं की असा मार्गच सापडत नाही. म्हणजे सरळ ‘अलिबाग से आया है क्या?’ (या वाक्यावर बंदी घालायला मुंबई उच्च न्यायालयाने 2019मध्ये नकार दिला, तेव्हा आम्हा अलिबागकरांनी दाद तरी कुठे मागायची?) त्याच विंडोजवर ‘आर’ भाषा रेघेचा अर्थ ‘डॉक्युमेंट्स’ लावते आणि इमॅक्स ‘ॲपडेटा’तल्या ‘रोमिंग’मध्ये जाऊन बसतो. घर विचारलं, तर म्हणे रोमिंग!

या दोघांपुरता उपाय आहे. ‘होम’ नावाच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पत्ता स्वतः भरायचा आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडायचं. पत्ता मात्र एकच हवा, आणि इथेच आमची पंचाईत: आधार कार्डावर डोंबिवली, सातबाऱ्यावर चौल, आणि गणपतीत बोट चुकली की मांडव्याची जेटी.